कोऱ्या कागदावरचे अंगठे

बाळांनो,

गेल्या रविवारी फोनवर धाकटीने सांगितलं की वसतिगृहाच्या प्रश्नासाठी तिच्या विद्यापीठात विद्यार्थ्यांची एक संघटना उभी राहिली आहे आणि तिला त्या संघटनेची सचिव केलं आहे. मग म्हणाली, "आजी, तूही अशीच सचिव होतीस ना? बाबा सांगतात, तू पाड्यावरच्या बायकांचं पाणी वाचवलंस." मी "हो, होते सचिव," एवढंच म्हणाले आणि तिकडे थंडी किती आहे ते विचारलं. फोन ठेवल्यावर मला स्वतःचा राग आला. तुमच्या बाबांनी सांगितलेली गोष्ट खोटी नाही. ती अर्धी आहे, आणि ती अर्धी राहिली कारण उरलेली मी त्यांनाही सांगितली नाही. पुढच्या महिन्यात माझ्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. त्याआधी, अक्षर ओळीत राहतं आहे तोवर, सगळं लिहून टाकते. सचिव झालेल्या नातीला ते माहीत असायला हवं. थोरल्यानेही वाचावं, तो सही करताना कागद वाचत नाही हे मला ठाऊक आहे.

मी नाशिकच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकले, हे तुम्हाला माहीत आहे. तुमच्या आजोबांची बदली जव्हारला झाली, तेव्हा दोन वर्षं काढू आणि परत जाऊ असं आम्ही ठरवलं होतं. परत जाणं झालं नाही. मी इथल्या हायस्कुलात इंग्रजी आणि नागरिकशास्त्र शिकवलं आणि तिथूनच निवृत्त झाले. नागरिकशास्त्रात दबावगटांवर एक छोटा धडा असे. मी फळ्यावर मधोमध रेघ मारायचे. डावीकडे राजकीय पक्ष, उजवीकडे दबावगट. पक्षांना सत्ता हवी असते. दबावगटांना सत्ता नको असते, ते बाहेर राहून आपल्या लोकांचं म्हणणं सरकारच्या कानावर घालतात. रेघ अगदी सरळ यायची. मुलांना दोन गुण हमखास मिळायचे.

निवृत्तीनंतर वर्षभराने माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. चाळिशीचा, अंगापिंडाने बारीक, बोलायला स्वच्छ. आपल्या पाड्यातला दहावी झालेला तो पहिला होता, आणि त्याच्या इंग्रजीच्या पेपराची मला अजून आठवण होती. जव्हार आणि मोखाडा या दोन तालुक्यांतल्या काही पाड्यांची त्याने संघटना बांधली होती. तो तिचा अध्यक्ष होता. "बाई, माणसं आहेत, पाय आहेत, ओरडायला गळे आहेत," तो म्हणाला. "कागद लिहिणारं कुणी नाही. तुम्ही या."

मी गेले. खरं सांगायचं तर धावत गेले. घर फार शांत झालं होतं.

संघटनेची बैठक मोखाड्याच्या आठवडे बाजाराच्या दिवशी व्हायची, कारण त्या दिवशी माणसं तशीही येतात. मीठ, सुकट, चपला घ्यायच्या, नातेवाईक भेटायचे, आणि मग बाजाराच्या टोकाला एका पत्र्याच्या शेडखाली बसायचं. कुणी जामसरकडून दोन जीपगाड्या बदलून यायचे, कुणी डोंगर उतरून चालत. पहिल्या बैठकीत मी हात वर करून मतं मोजायला सांगितली. कुणी हात वर केला नाही. सगळे माझ्याकडे पाहत राहिले. माझ्या शेजारी बसलेल्या बाईने मला कोपराने ढोसलं आणि म्हणाली, "बाय, हात काय मोजतेस? पोरं हायत का आम्ही? एक जण बी नाय म्हणत असंल तं बसायचा. तो हो म्हणंपर्यंत, नायतर आपन नाय म्हणंपर्यंत."

पाड्यांवरची तीच रीत होती. मतदान नाही. सगळ्यांचं एक होईपर्यंत बसायचं. कधी तासभर, कधी तीन बाजार.

ही बाई पुढे माझी मैत्रीण झाली. वयाने माझ्याहून लहान, नवरा गेलेला, दोन मुलं वीटभट्टीवर. तिचा पाडा जव्हारहून मोखाड्याला जाताना डावीकडे उतरून खाली आहे. पाड्याच्या वर खडकात एक झरा आहे. वैशाखात त्यातलं पाणी करवंटीने हंड्यात भरावं लागतं, पण तो आटलेला तिने कधी पाहिला नव्हता. तिच्या सासूनेही नव्हता. ती मला पहिल्या दिवसापासून "तू" म्हणायची. इकडे सगळ्यांना तू म्हणतात, देवाला आणि तहसीलदारालाही. अध्यक्ष मात्र मला तुम्ही म्हणायचा. तो माझ्याकडे शिकला होता.

आता माझी हुशारी सांगते.

सरकारी कार्यालयात अर्ज द्यायचा तर त्यावर लोकांच्या सह्या लागतात. फोटो चालत नाही, फोनवरचा निरोप चालत नाही. प्रत्येक अर्जासाठी माणसांनी खाडा करून, जीपला पैसे घालून यायचं. त्यात दिवाळी झाली, भात आणि नागली घरात आली की अर्धे पाडे जगायला जातात. इथे तसंच म्हणतात, जगायला जाणं. भिवंडी, वसई, ठाणे, जिथे भट्टी आणि बांधकाम असेल तिथे. पाऊस जवळ आला की परततात. म्हणजे पाण्याची ओरड ज्या महिन्यांत असते नेमक्या त्याच महिन्यांत सही करायला माणूस जागेवर नसतो. आमचे चांगले लिहिलेले अर्ज तीनतीन महिने पडून राहायचे.

मी उपाय काढला. पांढऱ्या फुलस्केप कागदांवर पट्टीने रकाने आखले. अनुक्रमांक, नाव, पाडा, सही किंवा अंगठा. वरचा एकतृतीयांश भाग मोकळा सोडला. दिवाळीनंतरच्या पहिल्या बाजाराला, माणसं निघायच्या आधी, शाईचं पॅड घेऊन शेडखाली बसले आणि प्रत्येक घराचे दहा कागदांवर अंगठे घेतले. वर्षभरात जो अर्ज करायचा ठरेल तो वरच्या मोकळ्या जागेत मी लिहायचा. इंग्रजीत, कारण इंग्रजी कागद साहेब लवकर उचलतो असा सगळ्यांचा अनुभव होता.

त्या दिवशी कुणी विचारलं नाही की वर काय लिहिणार. फक्त माझ्या मैत्रिणीने शाईने काळा झालेला अंगठा लुगड्याला पुसत म्हटलं, "दहा येळा? तुझा भरवसा म्हणून देते हां बाय. सोयऱ्याला बी येवढं दिला नसता." सगळे हसले. मीही हसले. तिच्या अंगठ्यावर विळ्याने कापल्याची एक जुनी आडवी खूण होती, आणि दहाही कागदांवर ती पांढऱ्या रेघेसारखी उमटली होती.

ती युक्ती चालली. हे मी लपवणार नाही. बंद पडलेली बस परत सुरू झाली. दोन पाड्यांचे हातपंप दुरुस्त झाले. अर्ज दिला की आठवड्याच्या आत आमचा कागद टेबलावर, खाली ओळीने अंगठे. एका अधिकाऱ्याने मला सांगितलं की इतकी शिस्तीची संघटना त्याने पाहिली नव्हती. मी ते घरी येऊन आजोबांच्या फोटोला सांगितलं होतं.

मग विधानसभेची निवडणूक आली. उमेदवार पाड्यापाड्यांवर फिरायला लागले. आमच्या बैठकीत ठरलं की कुणाच्याही बाजूने जायचं नाही, सगळ्यांसमोर तेच मागणं ठेवायचं: पाण्याची टाकी, रस्ता, आश्रमशाळेला शिक्षक. यासाठी दोन बाजार बसलो. त्यानंतर एका दुपारी अध्यक्ष माझ्या घरी आला. मी त्याला कोरा चहा दिला, तो तसाच घेतो.

"बाई, पाच कागद द्या," तो म्हणाला.

"कशासाठी?"

"झऱ्याच्या कामासाठी. दुरुस्तीचं चाललंय."

मी पेटीतून पाच कागद काढून दिले. माझ्या वहीत नोंद केली, अध्यक्षांना पाच पानं, झरा दुरुस्ती. त्याने वहीत सही केली. ते सगळं अगदी व्यवस्थित झालं.

त्याच सुमारास जव्हारच्या बाहेर माळावर निवासगृहं बांधणाऱ्या लोकांनी आपला एक संघ केला होता. शिरपामाळ पाहायला, पावसाळ्यात धुकं पाहायला मुंबई-ठाण्याची माणसं येतात, त्यांना राहायला खोल्या हव्यात आणि खोल्यांना पाणी. या संघात आठ-नऊच लोक होते. त्यांनी कधी मोर्चा काढला नाही, घोषणा दिल्या नाहीत. त्यांचे सचिव एकदा माझ्याकडेही आले होते. साठीचे, सभ्य गृहस्थ. माझ्याशी सुंदर इंग्रजीत बोलले. किती वर्षांनी माझ्या बैठकीच्या खोलीत कुणी तसं इंग्रजी बोलत होतं. त्यांनी माझ्या वह्या पाहिल्या, कौतुक केलं, आणि म्हणाले की दोन्ही संघटनांनी मिळून काम केलं तर सगळ्यांचंच भलं होईल. मला ते पटलं. मी त्यांना नारळाची वडी दिली.

चैत्रात माझी मैत्रीण घरी आली. नेहमी ती पायरीवर बसते, चपला काढते, पदराने तोंड पुसते आणि मग बोलते. त्या दिवशी दारातच उभी राहिली.

"बाय, वरती झऱ्यावर फीत घेऊन मानसं आलीत. मोजतायत. मोटर बसवायची म्हणतायत. मी बोलले, कोनाला इचारून? तं म्हणतात, तुम्हालाच इचारून. कागद हाय म्हणतात."

"कसला कागद?"

"ते तू सांग."

आम्ही त्याच दिवशी जीपने निघालो. ज्या कार्यालयात तो कागद होता तिथल्या कारकुनाने मला ओळखलं आणि फाइल लगेच समोर ठेवली. पाचही पानं होती. वरच्या मोकळ्या जागेत संगणकावर छापलेला मजकूर चिकटल्यासारखा बसला होता. झऱ्याचं पाणी उचलून माळावरच्या निवासगृहांना देण्यास पाड्याच्या ग्रामसभेची हरकत नाही. आमच्या भागात पाड्याच्या ग्रामसभेने हो म्हटल्याशिवाय पाड्याच्या पाण्याला कुणी हात लावू शकत नाही, कायदाच तसा आहे. म्हणून तर हा कागद लागला होता. खाली माझे रकाने. माझ्या हातचे आकडे. सातावर मी आडवी रेघ देते, तीही.

मैत्रिणीला वाचता येत नाही. तिने पान जवळ घेतलं, अंगठ्यांच्या रांगेवरून बोट फिरवत नेलं आणि एका जागी थांबवलं.

"ह्यो माझा," ती म्हणाली. "ही चीर बघ. अंगठा माझाच हाय. पन मी असा बोलले नाय."

कारकून खिडकीबाहेर पाहू लागला. मी फाइल मिटून परत दिली.

अध्यक्ष मोखाड्याच्या एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात भेटला. मी मैत्रिणीला घेऊन तिथे गेले. त्याला आमच्याकडे पाहून आश्चर्य वाटलं नाही. त्याने आम्हा दोघींसाठी चहा सांगितला.

"तू झरा दुरुस्ती म्हणाला होतास," मी म्हणाले.

"मोटर बसवताना दुरुस्ती होणारच आहे, बाई."

"तू माझ्याशी खोटं बोललास."

"रस्ता मिळतोय. डांबरी. निवडून आलेल्या साहेबांनी माझ्यासमोर फोन लावला. दवाखान्याची गाडी पाड्याच्या दारात येईल. गेल्या पावसात बाळंतीण झोळीतून नेताना काय झालं, ते हिला विचारा. एका झऱ्यात रस्ता मिळतोय. तुम्हीच शिकवलंत ना, दबावगट काहीतरी देतो, काहीतरी घेतो?"

"मी असं शिकवलं नव्हतं. आणि तू यांना विचारलंस का?"

"विचारलं असतं तर तीन बाजार बसले असते. चौथ्या बाजाराला नाही म्हणाले असते."

"मग नाही हेच त्यांचं उत्तर होतं."

तो पुढे वाकला. मग शांतपणे म्हणाला, "बाई, तुम्ही तरी कुठे विचारलंत? कोऱ्या कागदावर अंगठे मी घेतले नाहीत. मला वाटलं, संघटनेची हीच पद्धत आहे."

मैत्रीण इतका वेळ बशीत चहा ओतून बसली होती. ती प्यायली नव्हती. ती त्याला म्हणाली, "तू माझ्या चुलतभावाचा पोर. तुझी आई ह्याच झऱ्यावर पाणी भरताना कळा द्यायला लागली, आन मी तिला खांद्यावर घेऊन खाली आणली. रस्ता पायजेलच. पन रस्ता दे म्हणून मी पाणी दिला नाय. कोनी दिला?"

"आत्या, तुला कळत नाय," तो म्हणाला. तेवढ्यापुरता तो तिच्या बोलीत आला होता.

"कळत नाय म्हणून तं इचारायचा असतो," ती म्हणाली आणि उठली.

परतताना जीपमध्ये ती माझ्या शेजारी बसली नाही. मागे, गाठोड्यांमध्ये बसली.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी, प्रचारात अध्यक्षाबरोबर फिरलेल्या एका पोराकडून मला एक गोष्ट कळली. कागद कार्यालयात कधी आला ते कारकुनाला फोन करून मी ती पक्की केली. तेच पाच कागद निवडणुकीच्या आधी अध्यक्षाने एका उमेदवाराच्या समोर ठेवले होते. माझ्यामागे एवढी घरं आहेत, हे दाखवायला. तेव्हा वरचा भाग कोराच होता. उमेदवाराला वर काय लिहिलंय याच्याशी कर्तव्य नव्हतं. त्याला अंगठे मोजायचे होते. निवडून आल्यावर त्याने अध्यक्षाची गाठ माळावरच्या संघाशी घालून दिली. मजकूर त्यानंतर आला. मी फळ्यावर मारलेली रेघ कुठे राहते ते मला त्या सकाळी शोधता आलं नाही. आमचा अध्यक्ष बाहेर राहून सरकारच्या कानावर म्हणणं घालायला गेला होता. तिथे त्याला बसायला खुर्ची मिळाली. आणि जे आठ-नऊ लोक कधी रस्त्यावर आले नव्हते, त्यांना आमच्यातल्या एकाला चहा पाजणं पुरलं. त्यांच्या सचिवांचा मला रागही धड येत नाही. ते स्वतःच्या खोल्यांसाठी पाणी मागत होते आणि तसं त्यांनी कधी लपवलं नाही. माझ्या बाजूचा म्हणवणाऱ्याने मला फसवलं, आणि त्याने वापरलेली हत्यारं मी धार लावून ठेवली होती.

तो कागद रद्द करायचा तर पाड्याची ग्रामसभा पुन्हा बोलवावी लागणार होती, आणि तिथे कुणीतरी उभं राहून सांगायला हवं होतं की अंगठे कोऱ्या कागदावर घेतलेले आहेत. ते सांगू शकणारी मी एकटीच होते. ते सांगितलं की आमचे आधीचे सगळे अर्जही संशयात येणार होते. बस, हातपंप, आश्रमशाळा, सगळे. अंगणवाडीचा एक अर्ज अजून वाटेत होता. अध्यक्षाने मला निरोप पाठवला, "बाई, एका झऱ्यासाठी संघटना बुडवू नका." मी दोन दिवस तो निरोप मनात घोळवला. तो चुकीचा नव्हता, हेच कठीण होतं.

ग्रामसभा शाळेच्या ओसरीवर झाली. सकाळचे दहा. जगायला गेलेल्यांपैकीही काही जण भट्टीवरून रात्रीची गाडी पकडून आले होते. एक अधिकारी खुर्चीवर, माळावरच्या संघाचे सचिव दुसऱ्या खुर्चीवर, पाण्याची बाटली मांडीवर धरून. अध्यक्ष खांबाला टेकून उभा होता. मैत्रीण पुढे बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

ती थेट संघाच्या सचिवांना म्हणाली, "साहेब, तुझ्या बाटलीतला पाणी कुठचा?"

"हे? हे विकतचं आहे."

"मंग आमचा कशाला? तो बी विकतचा घे."

बायका पदरात तोंड घालून हसल्या. सचिवांनी बाटली खुर्चीखाली ठेवली.

मग मी उठले. मी काय सांगायचं ते लिहून नेलं होतं, पण चष्मा काढून बोलले. सांगितलं की हे रकाने मी आखले, अंगठे मी घेतले, तेव्हा वर काही लिहिलेलं नव्हतं. या कागदावरचा मजकूर यांच्यापैकी कुणीही ऐकलेला नाही. पाच कागद मीच दिले.

मग मागून एका म्हाताऱ्याने विचारलं, "म्हंजे बसचा कागद बी असाच केलेला?"

"हो."

"मंग ती बस पन खोटी?"

यावर सगळी ओसरी हसली, अधिकारीसुद्धा. मी हसू शकले नाही. म्हाताऱ्याने खरोखर विचारलं होतं. तो त्या बसने दर महिन्याला औषध आणायला जातो.

मग ते बसले, त्यांच्या रीतीने. अधिकारी घड्याळ पाहत होता. कुणी रस्त्याच्या बाजूने बोललं, कुणी पाण्याच्या. बाळंतिणीचं सगळ्यांना आठवत होतं, तिचा नवरा तिथेच बसला होता. शेवटी तो म्हणाला की रस्ता मागायचा, पण पाण्याच्या बदल्यात नाही, नुसता मागायचा. तोपर्यंत चार वाजले होते. त्यानंतर कुणाची हरकत उरली नाही. झरा द्यायचा नाही असं ठरलं. मजकूर मराठीत लिहिला, मी नाही, शाळेच्या गुरुजींनी, आणि तो दोनदा मोठ्याने वाचला गेला. मग एकेक जण येऊन अंगठा उठवू लागला.

मैत्रिणीची पाळी आली तेव्हा तिने हात मागे घेतला. "माझा अंगठा एकडाव गेलाय," ती गुरुजींना म्हणाली. "मी तोंडानं सांगते, तू तसाच लिव. साहेबासमोर लिव." आणि तिचं म्हणणं तिच्या शब्दांत लिहिलं गेलं, अंगठ्याशिवाय. अधिकारी आधी कुरकुरला, मग त्याने त्याखाली स्वतःची सही केली.

तुमच्या बाबांना माहीत असलेली गोष्ट इथे संपते. बाईंनी उभं राहून सांगितलं आणि पाणी वाचलं.

उरलेली अशी. महिन्याभरात अंगणवाडीचा अर्ज परत आला, सह्यांची सत्यता तपासावी असा शेरा मारून. नंतर दुसरे दोन अर्ज तसेच आले. संघटना दोन तुकड्यांत फुटली. काही पाडे अध्यक्षाबरोबर गेले, आणि त्यांच्यातल्या एका पाड्याला डांबरी रस्ता मिळालाही. त्यावरून आता गाडी जाते, हे मी मान्य करते. माझ्या मैत्रिणीच्या पाड्याला मिळाला नाही. पावसात अजून झोळी आहे. माझा विद्यार्थी आज एका सरकारी समितीवर आहे आणि पुढच्या निवडणुकीत उभा राहील असं म्हणतात. बाजारात दिसला की वाकून नमस्कार करतो. मला तो नमस्कार घ्यायला जड जातो. त्याने माझ्याबद्दल लोकांना सांगितलं की बाई माणूस चांगली, पण शेवटी शहरातली, अडचण आली की स्वतःचे हात धुऊन मोकळी होते. ज्यांनी ते ऐकलं त्यांतल्या बऱ्याच जणांना ते पटलं.

त्याने केलेल्या दग्याबद्दल मी वर्षभर चिडले, लोकांना ऐकवलं, त्याच्या पेपरातले गुणसुद्धा मनातल्या मनात कापले. माझ्या स्वतःच्या हातून काय झालं, ते समजायला जास्त वेळ लागला. त्या लोकांची एक रीत होती, सगळ्यांचं एक होईपर्यंत बसायची. ती हळू होती, म्हणून मला ती गैरसोय वाटली. मी ती पट्टी आणि पेन्सिलीने दुरुस्त केली. ज्यांच्या वतीने बोलायचं ते समोर नसतानाही बोलता यावं अशी सोय मी करून दिली, आणि एकदा ती सोय झाली की मग ती कोण वापरतो हे माझ्या वहीवर अवलंबून राहिलं नाही. धाकटे, तुझ्या संघटनेत तुलाही कुणीतरी म्हणेल की सगळ्यांना प्रत्येक वेळी विचारणं शक्य नाही. ते खरंही असेल. मी म्हणते ते एवढंच की विचारलं नसेल तर विचारलं असं लिहू नकोस.

त्या उन्हाळ्यानंतर मैत्रीण दोन वर्षं माझ्या पायरीवर आली नाही. पूर्वी पहिल्या पावसानंतर रानभाजी आणायची, कधी कोनफळ. मी एकदा तिच्या पाड्यावर गेले तेव्हा तिने मला पाणी दिलं, खाली बसायला गोणपाट दिलं आणि मुलांचं विचारलं. माझ्याबद्दल काही विचारलं नाही. मी म्हणाले, "माझं चुकलं." ती म्हणाली, "व्हय." एवढंच. मी आणखी काहीतरी ऐकायला मिळेल म्हणून बसले होते. तिने चूल पेटवायला घेतली.

गेल्या हिवाळ्यात मी सचिवपद सोडलं. संघटनेत आता सात पाडे आहेत. सचिव कुणी नाही, माझ्या मैत्रिणीने ती खुर्चीच नको म्हटलं. मोखाड्याच्या बाजाराला शेडखाली अजून बैठक बसते. अर्ज तिथेच लिहिला जातो, तिथेच वाचला जातो, आणि जे गावी नाहीत त्यांची नावं त्यावर येत नाहीत. त्यामुळे आमचे अर्ज थोड्या लोकांचे असतात आणि उशिरा पोचतात. काही नामंजूरही होतात. वाचून दाखवायला कुणी मिळालं नाही तर मला बोलावतात. मी वाचते आणि घरी येते.

झऱ्यावर मोटर बसलेली नाही. या वैशाखातही त्यात पाणी होतं.